कम्युनिटी कॉलेजातली मुलं, समुपदेशन आणि आईबाबांचा इन्शुरन्स

रोहिणी_बे (मंगळवार, रात्री १०:५०)

कॉलेजातल्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की आपल्या गप्पा बर्कली-स्टॅनफर्डच्या पुढे सरकत नाहीत. मी ज्यांना शिकवते ती मुलं त्या गप्पांत नसतातच. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, तिथून पुढे विद्यापीठात 'ट्रान्सफर' घेता येते) आहेत, तिथे वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी आहेत आणि आपल्या मराठी घरांतलीही पुष्कळ मुलं तिथे जातात. आपण ते सांगत नाही एवढंच. कोणी विचारलं तर "सध्या ट्रान्सफर प्रोग्रॅममध्ये आहे" म्हणायचं आणि बटाटेवडा पुढे करायचा.

मी दोन कॉलेजांत संख्याशास्त्र शिकवते, अर्धवेळ. संध्याकाळचा वर्ग साडेसहाला सुरू होतो. समोर नुकती शाळा संपवलेली पोरं असतात, दिवसभर गोदामात उभा राहून आलेला चाळिशीचा गृहस्थ असतो, एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर) आलेली एखादी आपली मुलगी असते, मुलांना शेजारणीकडे ठेवून आलेली आई असते. कोणाचं तरी बिनसलंय हे शिक्षकाला कळतं. आधी गृहपाठ यायचा थांबतो, मग माणूस मागच्या रांगेत सरकतो, मग ईमेलला उत्तर येत नाही, आणि एक दिवस यादीतून नाव गेलेलं असतं.

"आपल्याकडे लाज वाटते म्हणून मुलं मदत घेत नाहीत" हे आपण फार पटकन म्हणून मोकळे होतो. लाज असतेच, नाही कशाला म्हणू. पण माझ्याशी वर्गानंतर बोलायला थांबणाऱ्यांतले बरेच जण लाज गिळून बसलेले असतात. ते अडतात ते वेळ, फॉर्म आणि विमा यांच्यावर. त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ते बोलायला कंटाळवाणं आहे. म्हणून हा कंटाळवाणा धागा.

यूसीत (बर्कलीसारख्या राज्याच्या विद्यापीठात) प्रवेश घेतला की आरोग्यविमा सक्तीचा असतो. स्वतःचा नसेल तर विद्यापीठाचा घ्यावाच लागतो. कम्युनिटी कॉलेजात तशी सक्ती नाही. बहुतेक ठिकाणी वसतिगृहही नाही. वर्ग संपला की अर्ध्या तासात पार्किंग लॉट मोकळा. विद्यार्थ्याच्या रोजच्या वाटेवर कॉलेजचं आरोग्य केंद्र येतच नाही. त्यातून केंद्र उघडं नऊ ते चार, आणि माझा वर्ग साडेसहाचा. वर्गातल्या गोदामवाल्या गृहस्थांनी ते दार कधी उघडं पाहिलेलंच नाही.

आता फीबद्दल. युनिटला (म्हणजे विषयाच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्याच पावतीवर खाली 'हेल्थ फी' अशी एक ओळ असते, सत्राला साधारण पंचवीस डॉलरच्या आसपास. ज्यांची शिकवणीची फी उत्पन्नामुळे माफ होते, त्यांनाही ही भरावी लागते. जिथे ही फी घेतात आणि केंद्रात समुपदेशक आहे (सगळ्या कॉलेजांत नाही, हेही खरं), तिथे त्याच्याकडच्या ठरावीक बैठका या पैशात येतात. विम्याचं कार्ड दाखवावं लागत नाही आणि घरी बिल येत नाही. हे मी वर्गात सांगते तेव्हा "फुकट आहे" असं मुद्दाम म्हणत नाही. "तुम्ही याचे पैसे आधीच भरलेत" म्हणते. फुकटच्या गोष्टीकडे लोक संशयाने बघतात. पैसे भरलेत म्हटल्यावर माणूस वसूल करायला जातो. हे फक्त मराठी माणसाला लागू नाही हे पाहून बरं वाटलं.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पात राज्याने कम्युनिटी कॉलेजांतल्या मानसिक आरोग्यासाठी दरवर्षीचे ३ कोटी डॉलर ठेवले. आकडा मोठा वाटतो. ११६ ने भागा, कॉलेजमागे अडीच लाखांच्या थोडं वर येतात. विद्यार्थ्यामागे धरले तर वर्षाला पंधरा डॉलर. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) त्यात दोन माणसं नीट पगारावर ठेवता येतील, फार तर.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात १ जुलै २०२२ पर्यंत 'बेसिक नीड्स सेंटर' उघडायला लावलं. अन्नधान्य, निवारा, कॅलफ्रेशचे (अन्नासाठीच्या सरकारी मदतीचे) अर्ज वगैरे तिथे बघतात. माझ्या मते मानसिक आरोग्याला या दुसऱ्या कायद्याचा जास्त उपयोग झाला. तिथे मुलं येतातच, डाळ-तांदूळ-दूध न्यायला. एका कॉलेजात आठवड्यातून एक दुपार समुपदेशक तिथेच खुर्ची टाकून बसते. अपॉइंटमेंट नाही, फॉर्म नाही. "काय, परीक्षा कशी गेली" इथून सुरुवात होते.

माझं म्हणणं एवढंच की दार मुलांच्या वाटेवर आणा: संध्याकाळी उघडं, वर्गाला लागून, जिथे ती आधीच रांगेत उभी आहेत तिथे. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात 'मानसिक आरोग्य आणि आपण' असं भाषण ठेवण्याआधी पालकांना ही पावतीवरची ओळ दाखवली तर जास्त फरक पडेल. इथे कोणाची मुलं जातात, कोण स्वतः शिकतंय, कोण या क्षेत्रात आहे, लिहा.

---

पन्हाळकर (मंगळवार, रात्री ११:२०)

चांगला धागा. रच्याकने (बाय द वे), 'ट्रान्सफर प्रोग्रॅम' वाचून घरात शांतता पसरली आहे.

---

जुनाजाणता (बुधवार, सकाळी ७:०५)

माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आम्ही ८८ साली आलो तेव्हा खोलीत चौघे राहायचो, आठवड्याला एक फोन घरी, तोही घड्याळ लावून. ताण आम्हालाही होता. समुपदेशक नव्हता.

पण ते सोडा. माझा खरा प्रश्न वेगळा आहे. मुलगा माझ्या घरात राहतो, विमा माझा, गाडी माझी. त्याला काही होत असेल तर कॉलेज मला का सांगत नाही? फोन केला तर "आम्ही बोलू शकत नाही" एवढंच. ही मदत आहे की बापाला बाहेर ठेवायची व्यवस्था?

---

कल्याणी_समुपदेशक (बुधवार, सकाळी ९:४०)

जुनाजाणता, प्रश्न रास्त आहे. मी एका कम्युनिटी कॉलेजच्या केंद्रात काम केलंय, आता बाहेर करते. तिकडून सांगते.

मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क केंद्रीय कायद्याने त्याच्याकडे जातो, वय काहीही असो. समुपदेशनाच्या नोंदी तर वैद्यकीय गुप्ततेत येतात. मुलाने लेखी संमती दिली तर आम्ही पालकांशी बोलतो, आणि पुष्कळ मुलं ती देतातही, दोन-तीन बैठकांनंतर. जिवाला धोका दिसला तर गुप्तता मोडायची मुभा असते आणि आम्ही ती वापरतो. एक गोष्ट कोणी सांगत नाही: आम्ही तुम्हाला काही सांगू शकत नसलो तरी *तुमचं ऐकू* शकतो. "गेले दोन आठवडे तो झोपत नाहीये" असा निरोप पालकाने ठेवला तर तो वाया जात नाही.

आता रांगेबद्दल. कॉलेज समुपदेशन केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं मानक १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असं आहे. वीस हजारांच्या कॉलेजला तेरा ते वीस माणसं हवीत. इतकी माणसं असलेलं कम्युनिटी कॉलेज मी तरी पाहिलेलं नाही. मग केंद्रं चालतात कशी? ट्रेनींवर. इथे एलएमएफटीचा (विवाह आणि कुटुंब समुपदेशकाचा) परवाना मिळवायला देखरेखीखाली ३००० तास भरावे लागतात, त्यातले काही तास शिकणारे लोक कॉलेजांत भरतात. बहुतेक बिनपगारी. मी भरलेत. काम मनापासून होतं, यात शंका नाही. पण मे महिना आला की ट्रेनी जातो, आणि ज्या मुलीने सहा बैठकांत कसंबसं तोंड उघडलं होतं तिला सप्टेंबरात नव्या माणसापुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काही जणी करत नाहीत.

बैठकांची मर्यादाही असते, साधारण सहा-आठ. त्यानंतर बाहेर पाठवायचं. आणि बाहेर पाठवलं की विमा आला. रोहिणीचा मुद्दा तिथे खरा होतो.

---

शर्वरी_एस (बुधवार, दुपारी १:१५)

मी विद्यार्थिनी आहे. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका समजून घ्या. आई हा फोरम वाचते म्हणून हे नाव नवीन आहे 🙂

मी सकाळी क्लास करते, मग बोबा शॉपमध्ये काम. आमच्या कॉलेजने ऑनलाइन थेरपी दिली आहे, चांगली आहे. पण बोलायचं कुठे? घरी आजी-आजोबा आले आहेत, भिंती पातळ. लायब्ररीत बोलू शकत नाही. मी सगळ्या सेशन कारमध्ये केल्या, पार्किंग लॉटमध्ये, एसी बंद कारण बॅटरी. माझ्या लेनमध्ये आणखी एक मुलगा कारमध्ये बसून असंच बोलताना दिसायचा. आम्ही कधी बोललो नाही पण हात करायचो.

कॉलेजमध्ये एक छोटी खोली द्या, दार बंद होणारी, एका तासाला बुक करता येणारी. नवीन माणूस पण नको, फक्त दार. मी स्टुडंट गव्हर्नमेंटमध्ये हे मागितलं. उत्तर: जागा नाही. कॉलेजमध्ये अर्ध्या वर्गखोल्या दुपारी दोननंतर रिकाम्या असतात.

दुसरं. पहिल्या वर्षी मी 'काउन्सेलिंग' लिहिलेल्या बिल्डिंगमध्ये गेले, चाळीस मिनिटं थांबले आणि त्यांनी मला यूसी ट्रान्सफरचा प्लॅन दिला (तिथे काउन्सेलिंग म्हणजे कोर्स निवडायला मदत). प्लॅन चांगला होता. पण मी रडायला गेले होते.

---

पन्हाळकर (बुधवार, दुपारी १:३२)

शर्वरी, मराठी उत्तम आहे. आमच्या इथल्या निम्म्या लोकांपेक्षा.

---

मोगरा (बुधवार, दुपारी ३:५०)

पहिल्यांदाच लिहितेय. एच-४ वर आहे, अकाउंटिंगचे कोर्स घेतेय. इथे वर्षभर राहिलं की रहिवाशांची फी लागते म्हणून परवडतं.

माझ्यासारख्या बायकांचं या चर्चेत कुठे येतं कळत नाही. आम्ही 'मुलं' नाही. पण विमा नवऱ्याचा, पोर्टलचा पासवर्ड नवऱ्याकडे, गाडी एक. डॉक्टरकडे गेलं की संध्याकाळी जेवताना "आज काय होतं?" विचारतात. वाईट माणूस नाही, पण विचारतात. कॉलेजच्या केंद्रात गेले तेव्हा पहिल्यांदा या देशात असा एक कागद भरला ज्यावर नवऱ्याचं नाव नव्हतं. फक्त माझा स्टुडंट नंबर.

अडचण भाषेची आली. इंग्रजी येतं मला, एमकॉम आहे. पण सासूबाईंबद्दल, आईच्या आजारपणात जाता आलं नाही त्याबद्दल इंग्रजीत बोलताना सगळं ऑफिसच्या मेलसारखं निघतं. म्हणून आता पुण्याच्या एका बाईंशी व्हिडिओवर बोलते. हे चालतं का? कोणी म्हणतं बेकायदा आहे.

---

कल्याणी_समुपदेशक (बुधवार, सायंकाळी ६:१०)

मोगरा, बरं झालं लिहिलंस.

कायदा बघतो तो ऐकणारा कुठे बसलाय हे नाही, बोलणारी कुठे बसलीय हे. तू कॅलिफोर्नियात असताना तुझ्यावर उपचार करायला कॅलिफोर्नियाचा परवाना लागतो. त्यामुळे पुण्याच्या बाईंकडे तो नसेल तर अडचण त्यांची आहे. तुझ्यावर कोणी खटला भरत नाही. व्यवहारात शेकडो जणी असंच करतात, मी नाक मुरडणार नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव. त्यांना इथे औषध लिहून देता येणार नाही. आणि काही आणीबाणी आली तर तुझ्या गावात कोणाला फोन करायचा हे त्यांना माहीत नसेल. ते नंबर आधीच त्यांच्याकडे देऊन ठेव. इथल्या परवान्याच्या मराठी बोलणाऱ्या समुपदेशक आहेत, थोड्या आहेत. थेरपिस्टांच्या ऑनलाइन याद्यांमध्ये भाषेची गाळणी असते, तिथे 'मराठी' टाकून बघ, मग 'हिंदी'.

तू म्हणतेस तसं तुझ्याकडे नाही, पण वाचणाऱ्या कोणाकडे घरात धाक, मारहाण, पैसे अडवून ठेवणं असलं काही असेल तर 'मैत्री' ही बे एरियातली संस्था १९९१ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी हेच काम करते. व्हिसाची भीती घालतात तेव्हासुद्धा.

---

जुनाजाणता (बुधवार, रात्री ८:३०)

मोगराताईंचं वाचून थांबलो. पासवर्ड आमच्या घरीही माझ्याकडेच आहे. सगळ्यांचा. विम्याची पत्रं मीच उघडतो, दुसरं कोणी उघडतच नाही म्हणून. त्यात मुलगा बाहेरच्या कोणाकडे गेला असता तर मला दिसलं असतं का?

---

रोहिणी_बे (बुधवार, रात्री ९:५५)

हाच माझा धाग्याच्या शीर्षकातला मुद्दा होता. जुनाजाणता, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

ओबामाच्या २०१० च्या कायद्याने मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईबाबांच्या विम्यावर राहू शकतं. ही फार मोठी सोय आहे. पण मूल कोणाकडे गेलं की विमा कंपनी हिशोबाचं पत्र पाठवते: तारीख, कोणाकडे, किती झाले, किती आम्ही दिले. पूर्वी ते सर्रास मुख्य विमाधारकाच्या नावाने यायचं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून कायदा असा आहे की मानसिक आरोग्यासारख्या संवेदनशील सेवांची पत्रं ज्याने सेवा घेतली त्यालाच पाठवायची. त्याने वेगळं मागायचीही गरज नाही.

आता मेख. हा राज्याचा कायदा आहे. मोठ्या कंपन्या, त्यात आपली मंडळी काम करतात त्या टेक कंपन्या भरपूर, पुष्कळदा स्वतःच्या पैशातून कर्मचाऱ्यांचे दावे भागवतात. कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं ते नुसतं कारकुनीसाठी. अशा योजनांना केंद्रीय कायदा लागतो, राज्याचा हा नियम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे सगळ्यात 'चांगला' विमा असलेल्या घरातलं मूल इथे सगळ्यात उघडं पडू शकतं. त्यांनी कार्डामागच्या नंबरवर फोन करून 'कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन' हवंय असं सांगावं, पत्ता किंवा ईमेल बदलून घ्यावा, आणि मुख्य खात्याच्या पोर्टलवर दावा दिसतो का हेही विचारावं. हा दुसरा प्रश्न लोक विसरतात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, आपलाच. कॉलेजच्या बैठका संपल्यावर बाहेरच्या थेरपिस्टचं नाव मिळालं होतं, जागा होती, सगळं जुळलं होतं. तो गेला नाही. "बाबांना पत्र जाईल." बाबा ओरडतील म्हणून नाही म्हणाला. बाबा घाबरतील म्हणून.

तुम्ही विचारलंत, दिसलं असतं का. दिसलं असतं कदाचित. त्याला तुम्ही आजच एवढं सांगू शकता की "पत्र आलं तर मी उघडणार नाही, आणि विचारणारही नाही." हे वाक्य त्याला कुठल्याही कायद्यापेक्षा लवकर उपयोगी पडेल.

---

उमेश_मराठवाडा (गुरुवार, भारतीय वेळेनुसार दुपार)

इकडून एक प्रतिसाद. मी तालुक्याच्या ठिकाणी सीनियर कॉलेजात शिकवतो. तुमचा पार्किंग लॉट वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे तेच एसटीच्या पासवर चालतं. मुलं दहाच्या गाडीने येतात, अडीचच्या गाडीने जातात. ती गाडी चुकली तर पुढची साडेपाचला, आणि मुलींना घरून साडेपाचची परवानगी नसते. अडीचनंतर कॉलेजात काहीही ठेवा, ते फक्त गावातल्या मुलांसाठी असतं.

आमच्याकडे कागदावर परिस्थिती चांगली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. पार्श्वभूमी सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, त्यात १,७६४ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त.

निकाल आला, समिती झाली, फलक लागला. समुपदेशक म्हणून मानसशास्त्राच्या मॅडमचं नाव टाकलं. मॅडम तासिका तत्त्वावर आहेत, चार कॉलेजं फिरतात, आणि त्यांनी एमए केलंय सामाजिक मानसशास्त्रात. त्या स्वतःच म्हणतात, "सर, माझ्याकडे कोणी खरंच आलं तर मी काय करू?" मॅडमना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जागा भरायची नाही आणि रकाना भरायचा, यातून दुसरं काय होणार.

त्यातल्या त्यात चालतं ते टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी मुलांना वर्गात फोन काढायला लावतो आणि नंबर सेव्ह करून घेतो. 'मानस' नावाने नाही, 'मानसी' नावाने. घरात फोन सगळे बघतात. ही युक्ती एका विद्यार्थिनीचीच.

रोहिणीताई, खुर्ची टाकून बसणारी माणसं आम्ही आणायची कुठून, यावर काही सांगा.

---

कल्याणी_समुपदेशक (गुरुवार, सकाळी १०:२५)

उमेशसर, 'मानसी' मी माझ्या मुलांना सांगणार.

तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर तुमच्या शेजारी, गोव्यात आहे. 'संगत' संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवलं होतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याची चाचणी २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. सरकारी केंद्रांत येणाऱ्या नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा दिसला. तुमच्या मॅडम त्या लोकांपेक्षा दोन पावलं पुढेच आहेत. त्यांना हवंय ते प्रशिक्षण आणि आठवड्याला एक फोन करता येईल असा अनुभवी माणूस. तो फोन सगळ्यात महत्त्वाचा. देखरेखीशिवाय नुसतं दोन दिवसांचं शिबिर करून माणसाला खुर्चीत बसवणं मात्र धोक्याचं, त्याच्यासाठीही.

इथेही 'पीअर काउन्सेलर' म्हणून विद्यार्थ्यांना नेमायची टूम आहे. मला त्याबद्दल शंका आहेत. शर्वरीसारखी मुलगी क्लास आणि नोकरी करून वर मैत्रिणींचं ऐकणार, तेही तासाला किमान वेतनावर. केंद्राचा रस्ता दाखवायला विद्यार्थी उत्तम. ओझं उचलायला नको.

---

शर्वरी_एस (गुरुवार, दुपारी १२:४०)

+१. मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले.

एक गोष्ट लिहायची राहिली जी मला खूप उशिरा कळली. सेमिस्टर मधेच सोडावं लागलं आणि कारण आजारपण असेल, मानसिक पण, तर नुसता 'डब्ल्यू' (विथड्रॉवल, कोर्स सोडल्याची नोंद) घेऊ नका. 'ईडब्ल्यू' मागा, एक्स्क्यूज्ड विथड्रॉवल. त्याने प्रोबेशन (प्रगती कमी म्हणून कॉलेजची ताकीद) लागत नाही आणि कोर्स पुन्हा घेण्याच्या मर्यादेत मोजत नाहीत. फॉर्म आणि कागद लागतात. मला एका लायब्ररीयनने सांगितलं.

आणि डीएसपीएस ऑफिस (अपंग विद्यार्थ्यांना मदत करणारं) फक्त व्हीलचेअरसाठी नाही. अँग्झायटी, डिप्रेशनसाठी पण परीक्षेला जास्त वेळ, वेगळी खोली मिळते. तिथल्या बाईंनी मला टिशूचा पूर्ण बॉक्स दिला, घरी न्या म्हणाल्या.

---

व्यवस्थापक (गुरुवार, दुपारी १:०५)

महत्त्वाची चर्चा आहे, विषयाला धरून ठेवावी ही विनंती. वाचणाऱ्यांपैकी कोणाला जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर अमेरिकेत ९८८ वर कधीही फोन किंवा मेसेज करा, भारतात १४४१६. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रावर हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो.

---

जुनाजाणता (गुरुवार, रात्री ९:४५)

काल रात्री मुलाला ते वाक्य सांगितलं. तो "ओके" म्हणाला आणि वर गेला. एवढंच. बायको म्हणते, ओके म्हणजे चांगलं.

मंडळाच्या कार्यकारिणीत मी आहे. भाषणाऐवजी रोहिणीताईंनी विमा आणि हेल्थ फीचं एक पान लिहून द्यावं, मी दिवाळी कार्यक्रमाच्या पत्रिकेबरोबर पाठवतो. नाव घालू नका कोणाचं. 'कम्युनिटी कॉलेज' असं शीर्षक दिलं तर लोक वाचणार नाहीत, 'तुमच्या विम्याबद्दल' असं द्या.

---

रोहिणी_बे (गुरुवार, रात्री १०:३०)

देते. रविवारपर्यंत. शीर्षकाबद्दल तुमचंच खरं.

---

नचिकेत_एफ१ (शुक्रवार, रात्री १२:१०)

उशिरा विचारतोय. मी एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) आहे, कम्युनिटी कॉलेज, नाशिकहून आलो. झोप लागत नाही, दोन विषय झेपत नाहीयेत. कॉलेजच्या समुपदेशकांनी सांगितलं, लोड कमी कर, मी पत्र देते. पण बारा युनिटच्या खाली गेलो तर स्टेटस जाईल ना? मित्र म्हणतो गपचूप ड्रॉप कर, नंतर बघू.

---

कल्याणी_समुपदेशक (शुक्रवार, सकाळी ७:२०)

नचिकेत, गपचूप ड्रॉप करू नकोस. मित्राचं या एका बाबतीत अजिबात ऐकू नकोस.

वैद्यकीय कारणासाठी एफ-१ विद्यार्थ्याला लोड कमी करता येतो, पार शून्यापर्यंत. एका पातळीच्या शिक्षणात एकूण बारा महिने, आणि दर सत्राला नव्याने मंजुरी. मानसिक कारण चालतं. पण पत्र कोणाचं हे बघतात: एमडी किंवा डीओ डॉक्टर, नाहीतर परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तुझ्या समुपदेशक एलएमएफटी किंवा ट्रेनी असतील तर त्यांचं पत्र यासाठी पुरत नाही, त्यांची इच्छा कितीही असली तरी. त्यांना आजच विचार की केंद्रात डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट कोण आहे आणि तुला लवकरात लवकर कधी भेटता येईल. नसेल तर तुझ्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-विम्यात कोण बसतं ते कार्डावरच्या नंबरवर विचार.

क्रम असा ठेव. आधी पत्र, मग आंतरराष्ट्रीय कार्यालयात डीएसओची (व्हिसाच्या नोंदी बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याची) मंजुरी, ती सिस्टिममध्ये चढली याची खात्री, आणि त्यानंतरच विषय सोडायचे. डीएसओला निदान सांगायची गरज नाही, पत्र दाखव. आज शुक्रवार आहे, ती कार्यालयं लवकर बंद होतात. सकाळीच जा. आणि झोपेचं दुपारी त्या डॉक्टरांना वेगळं सांग, फक्त पत्र घेऊन येऊ नकोस.

---

मोगरा (शुक्रवार, सकाळी ७:५०)

नचिकेत, तू साउथ बेमध्ये असशील तर मला व्यक्तिगत निरोप पाठव. माझा वर्ग अकराला आहे, गाडी आज माझ्याकडे आहे. सोडते तुला.